ग्रहणातल्या पोरीचा दाखला

मी पिशवी. मांजरपाटाची, दोन बंदांची, तळाशी चहाचा जुना डाग असलेली. नगर शहरातल्या एका विधी महाविद्यालयात जिन्याखाली एक खोली आहे, तिथल्या खिळ्याला मी टांगलेली असते. तुम्ही मला कधी पाहिलं असलं तरी लक्षात ठेवलं नसणार. पिशवीकडे कोण बघतं? लोक पिशवीत काय आहे ते बघतात.

जन्मानं मी पिशवी नव्हते, फलक होते. कॉलेजात मोफत विधी सहाय्य केंद्र निघालं तेव्हा एका रंगाऱ्यानं त्याचं नाव माझ्यावर लाल अक्षरांत लिहिलं आणि मला फाटकावर बांधलं. दोन उन्हाळे मी तिथं तापले. मग फ्लेक्सचा बोर्ड आला आणि मी माळ्यावर गेले. एके दिवशी मुक्ताबाई शिपाईणीनं मला खाली काढलं, झटकलं आणि माझ्या तीन पिशव्या शिवल्या. एकीतून ती भाजी आणू लागली. दुसरी कुणीतरी नेली, ती परत आली नाही. तिसरी मी. कापताना अक्षरं तुटली. माझ्या एका अंगावर 'मोफ' राहिलं आणि दुसऱ्या अंगावर 'हाय्य'. खेड्यातली माणसं ते वाचतात आणि हसतात. "पिशवी हाय म्हंती बगा!"

दर शनिवारी मला खिळ्यावरून काढतात. शेवटच्या दोन वर्षांची मुलं-मुली टेबल मांडून बसतात. त्यांना वकील म्हणून कोर्टात उभं राहता येत नाही, पण अर्ज लिहून देता येतो, कचेरीत सोबत जाता येतं, कायदा काय म्हणतो ते सोप्या भाषेत सांगता येतं. वर नजर ठेवायला ॲडव्होकेट कल्याण सर असतात. एका केसचे सगळे कागद माझ्या पोटात. कधी त्याच कागदांच्या शेजारी कुणाचा डबाही असतो. लोणच्याचं तेल लागलेला अर्ज मी एकदा तहसीलपर्यंत नेलाय.

एवढ्या वर्षांत माणसांची एक सवय मला कळली. आलेला माणूस खरी गोष्ट कधीच पहिल्यांदा सांगत नाही. आधी रेशनकार्डाचं काढतो, मग भावकीचं, मग पाऊस कसा पडला ते. खरी गोष्ट पाचवी-सहावी येते, बहुतेक वेळा तो उठायला लागतो तेव्हा.

लंकाबाईनंही तेच केलं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. लंकाबाई पाथर्डीकडच्या एका वस्तीवरची. नवरा बिभीषण आणि ती, दोघं दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यावर जातात. टेबलापलीकडे राजनंदिनी बसली होती. राहुरीची, बागायतदाराची मुलगी, पाचव्या वर्षाला. हुशार, पण बोलण्यात जरा घाई. लंकाबाईनं रेशनकार्डाचं विचारलं, राजनंदिनीनं उत्तर दिलं. लंकाबाई उठली, पदर सावरला आणि उभ्या उभ्या म्हणाली,

"ताई, वय कमी करून मिळतं का हो?"

राजनंदिनीला हसू आलं. "मावशी, सगळे वाढवून मागायला येतात. निराधारची पेन्शन लवकर मिळावी म्हणून. तुम्हाला कमी कशाला?"

"माझं न्हाई. पोरीचं. पंकजाचं. पोरगी पंधराची हाय, कागदावर अठराची. कागद खोटा हाय."

"कुणी केला खोटा?"

"म्या."

राजनंदिनीनं पेन खाली ठेवलं. लंकाबाई पुन्हा बसली.

पंकजा साडेतीन वर्षांची असताना लंकाबाईच्या जावेची मुलगी पहिलीत जाणार होती. जाऊ त्या वर्षी गावात राहणार होती. दोघी पोरी बरोबर शाळेत गेल्या तर पंकजाची फडावरची फरफट चुकेल, असं लंकाबाईला वाटलं. पोरगी अंगानं थोराड. तिनं गुरुजींना छातीठोक सांगितलं, सहा वर्षांची हाय. गुरुजींनी लिहिलं, १ जून २००७. पुढं त्याच तारखेवर आधार कार्ड निघालं. मधे दोन वर्षं फडावर वाया गेली, तरी पोरगी यंदा दहावी झाली. आणि जून उजाडला तशी ती कागदावर अठराची झाली.

"पावणे आलेत. म्हंत्यात, दिवाळीच्या आत चार मानसांत उरकू. त्येंच्या पोराला कोयता पुरा करायचाय."

"म्हणजे?"

"एक कोयता म्हंजी नवरा-बायको, ताई. एकट्याला मुकादम घेत न्हाई."

राजनंदिनीचा चेहरा पडला, तो मी पाहिला. तिच्या घरी दरवर्षी तोड व्हायची. आमच्याकडे बारा कोयते आलेत, असं ती लहानपणापासून म्हणत आली होती. बारा कोयते म्हणजे चोवीस माणसं, हे तिला आज कळलं.

कल्याण सरांनी सगळं ऐकून घेतलं. "आत्ता १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला तर लग्न थांबवायला अधिकारी येतील," ते म्हणाले. "पण पहिल्यांदा वयाचा कागद बघतील. शाळेचा दाखला अठरा म्हणतोय. ते परत जातील आणि तुमच्या घरात मात्र भांडण लागेल. आधी जन्माची नोंद करून घ्यावी लागेल. जिथं जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीत. इतक्या वर्षांनी करायची तर प्रांतसाहेबांचा आदेश लागतो, आणि त्यांना पुरावा लागतो. पोरगी कुठं झाली?"

"कोपरगाव साईडला. उसात."

"गाव?"

"गावाचं नाव मालकाला ठावं. फडावर न्हेतील तिकडं आमी जातो, गाव कोन इचारतंय? पर सर, त्येंना इचारलं तर समदं कळंल. आन पोलीस नगं. मानूस वाईट न्हाई माझा."

"तारीख तरी?"

लंकाबाईनं नाही म्हणून मान हलवली. राजनंदिनीनं चारपाच प्रकारे विचारलं. थंडी होती का? गाळप संपत आलं होतं का? तेव्हा लंकाबाई म्हणाली, "संक्रांतीचा दुसरा दिवस. भर दुपारी ग्रेहन लागल्तं. ऊन पिवळं पडलं. बाया म्हनल्या, लंके, पोटुशीनं ग्रेहनात कोयता धरू न्हाई, पोराचा ओठ फाटतो. म्या म्हनलं, मोळी कोन बांधील? आन तितंच कळा आल्या."

राजनंदिनीनं मोबाईल काढला, बोटं चालवली आणि सरांपुढं धरला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारचं सूर्यग्रहण. १५ जानेवारी २०१०.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला तारीख पाठ आहे की."

तारीख लिहिलेला तो कागद माझ्या पोटात आला. पुढच्या आठवड्यात राजनंदिनी एकटीच कोपरगावला गेली. लंकाबाईनं सांगितलेल्या खुणांवरून तिनं एक गाव धरलं. ग्रामपंचायतीत कुणाला काही माहीत नव्हतं. "तोडवाल्यांची नोंद कोण ठेवतं मॅडम? आज इथं, उद्या तिथं," असं म्हणून एकानं पंखा वाढवला. ती एसटीनं परत आली, मला खिळ्याला अडकवलं आणि परीक्षेला लागली.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला बरं वाटत नाही. राजनंदिनी विसरली. परीक्षांपायी शनिवारचं टेबलही लागलं नाही, तीन आठवडे मी खिळ्यावर होते आणि पंकजाचं प्रकरण माझ्यात तसंच दुमडून पडलं होतं. आधी परीक्षा, मग अभिरूप न्यायालयाची स्पर्धा. लंकाबाईनं शेजारणीच्या मोबाईलवरून तीनदा फोन केला, पण अनोळखी नंबर म्हणून राजनंदिनीनं घेतला नाही. स्पर्धेत तिला ढाल मिळाली. ती ढाल तिनं याच खोलीत, माझ्या शेजारी आणून ठेवली.

एका सोमवारी सकाळी लंकाबाई पायरीवर बसलेली दिसली. पहिल्या एसटीनं आली होती.

"ताई, तुमचा फोन बिघडला का?"

असं तिनं अगदी साधेपणानं विचारलं. टोमणा असता तर परवडलं असतं. राजनंदिनी तिच्याशेजारी पायरीवरच बसली आणि म्हणाली, "नाही मावशी, मी बिघडले. उद्याच जाऊ. तुम्ही बरोबर चला."

माहेरी जाते असं घरी सांगून लंकाबाई निघाली. मनमाड रोडनं एसटी चालली. राजनंदिनीच्या मांडीवर मी होते. कोपरगाव सोडून पुढच्या जीपमध्ये बसल्यावर लंकाबाई खिडकीतून बाहेर बघू लागली. तिला पाटी वाचता येत नव्हती. तिनं कारखान्याची चिमणी बघितली, कालव्याचं वळण बघितलं आणि एकदम चालकाच्या पाठीवर थाप मारली. "थांबव दादा. हितंच."

कालव्याच्या काठानं दोघी अर्धा तास चालल्या. एका वस्तीवर म्हातारीशी बाई साठवणीच्या चाळीतला कांदा निवडत बसली होती. पुष्पावती तिचं नाव. लंकाबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला.

"कोन गं?"

"वळखलं न्हाई का काकू? तुमच्या गोठ्यात बाळत झाल्ते म्या. ग्रेहन हुतं."

पुष्पावतीच्या हातातला कांदा खाली पडला. "अगं माझे बाई! ग्रहनातली पोर? जित्ती हाय ना? पुढं काई व्यंग बिंग न्हाई ना निघालं? मला लई दिस घोर हुता."

"न्हाई. दहावी पास झाली."

म्हातारीनं लंकाबाईच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि बोटं मोडली. मग तिनं सगळं सांगितलं. रक्त थांबेना म्हणून तिच्या मालकानं, सूर्यभाननं, ट्रॅक्टर काढला आणि बाळंतिणीला सरकारी आरोग्य केंद्रात नेलं होतं.

दुपारी तिघी त्या केंद्रात गेल्या. तिथल्या सिस्टर भल्या होत्या. त्यांनी जुन्या नोंदवह्यांचं कपाट उघडून दिलं. दोन तास धूळ खाल्ल्यावर राजनंदिनीला ते पान सापडलं. १५ जानेवारी २०१०. शेतात प्रसूती. मुलगी. टाके घातले.

"माझं नाव वाचा ना ताई," लंकाबाई म्हणाली.

नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ऊसतोड कामगार स्त्री, वय अंदाजे २०'.

"नाव लिहिलेलं नाही मावशी."

लंकाबाई त्या पानाकडे बघत राहिली. "मंग त्या दिशी म्या कोन हुते?"

सिस्टरनी खुर्ची पुढं केली. बसता बसता लंकाबाईनं विचारलं, "आता लिव्हता न्हाई का येत?"

"नाही येत. सरकारी वही आहे. पण ही बाई तुम्हीच होतात, हे सांगणारं कुणी असलं तर चालेल."

पुष्पावतीचा मुलगा नको म्हणत होता. कुठली कोण बाई, तिच्यापायी कोर्टकचेरी कशाला? म्हातारीनं त्याला एका वाक्यात गप्प केलं. "म्या काय खोटं सांगाया चालले का?" तिनं शपथपत्रावर सही केली. चार अक्षरांना तिला बराच वेळ लागला. वेलांटी द्यायची राहिली होती, तीही आठवणीनं दिली.

अर्ज प्रांत कचेरीत गेला. चौकशीचं पत्र लंकाबाईच्या गावी निघालं. ते निघणार हे कल्याण सरांनी तिला आधीच सांगितलं होतं. "निघू द्या," ती म्हणाली होती. "कवातरी कळनारच."

पुढच्या शनिवारी बिभीषण आला. उंच, वाळलेला माणूस. खोलीत राजनंदिनी एकटीच होती. त्यानं बसायचं नाव काढलं नाही.

"माझ्या पोरीचा जलम तुमी ठरवनार का? शाळेत लिव्हलंय ते खोटं आन ही शहाणी सांगती ते खरं?"

राजनंदिनीचा हात माझ्या बंदावर होता. "मामा, बसा. एक कागद वाचून दाखवते. मग काय बोलायचं ते बोला."

तो बसला नाही, पण गेलाही नाही. तिनं पुष्पावतीचं शपथपत्र काढलं आणि वाचायला लागली. ग्रहण, गोठा, ट्रॅक्टर. मग पुढं, "'बाळ मी माझ्या अंगावरच्या जुन्या पातळात गुंडाळले. दिवस मावळताना बाळाचे वडील बिभीषण हे कारखान्यावर गाडी खाली करून आले. मुलगी झाली असे मी सांगितले. त्यांनी माझ्याकडे गूळ मागितला आणि आपल्या दोन्ही बैलांना चारला.'"

ती थांबली. बिभीषण खाली बसला.

"दोन खडे दिल्ते त्या माउलीनं," तो म्हणाला. "बायको इचारीत हुती, पोरगी झाली तरी गूळ?" त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग एकदम वर बघितलं. "ताई, मला काय हौस न्हाई. पर दिवाळी झाली की वस्ती रिकामी हुती. म्हातारी मानसं आन कुत्री राहत्यात. तरणी पोरगी सा महिने यकली कुठं ठिवू? फडावर न्हेली तर पाचटाच्या कोपीला दार नसतं. लगीन लावलं तर कुनाच्या तरी नावावर ऱ्हाईल. तुमचा कायदा म्हंतो लावू नको. मंग ठिवू कुठं, ते म्हंतो का?"

माझ्यात अर्ज होता, शपथपत्र होतं, नोंदवहीच्या पानाची नक्कल होती. ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्यात नव्हतं.

"मला माहीत नाही मामा," ती म्हणाली. "तुम्हाला विचारावं, असं आम्हाला सुचलंच नाही. चूक झाली. मला आठ दिवस द्या."

"आठच," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्या आठ दिवसांत मी जितकी फिरले तितकी वर्षभरात फिरले नसेन. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी सरकारी वसतिगृह होतं, पण यादी भरलेली. समाजकल्याणच्या जिन्यावर राजनंदिनी आणि कल्याण सर तीन वेळा चढले. चौथ्या वेळेला तिथल्या बाबूनं सांगितलं, एक मुलगी आलीच नाही, तिची खाट रिकामी आहे, पण बापाची सही लागेल. राजनंदिनी तिथूनच थेट पाथर्डीच्या एसटीत बसली. याच धावपळीत माझा डावा बंद उसवला.

वस्तीवर पोचली तेव्हा पंकजा अंगणात बसून भाकरीचं पीठ चाळत होती. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. खरंच थोराड होती, पण तोंड अगदी लहान मुलीचं. तिनं राजनंदिनीला एकच विचारलं, "तिथं सायन्स घेता येतं का?"

बिभीषणनं दोन्ही कागदांवर सही केली, वसतिगृहाच्या आणि जन्माच्या नोंदीच्याही. पाहुण्यांना निरोप त्यानं स्वतः जाऊन दिला. ते रागावले, चार शब्द बोलले, त्यानं ऐकून घेतले. पुढं त्यांनी दुसऱ्या गावची मुलगी बघितली आणि दिवाळीआधीच लग्न उरकलं. ती मुलगी किती वर्षांची होती, मला माहीत नाही. तिच्या आईला ह्या खोलीचा पत्ता माहीत नव्हता, एवढं मला माहीत आहे.

आदेश मार्गशीर्षात झाला आणि दाखला आला, तेव्हा लंकाबाई आणि बिभीषण फडावर होते. त्यामुळं तो चार महिने माझ्याजवळ राहिला. एवढा हलका कागद मी एवढा जपून कधी ठेवला नव्हता. चैत्रात टोळी परतल्यावर लंकाबाई तो न्यायला आली. राजनंदिनीनं तिचं बोट धरून एका ओळीवर ठेवलं. आईचे नाव. लंकाबाईनं ती ओळ दोनदा चाचपली आणि दाखला ब्लाउजात ठेवला. जाताना म्हणाली, "ताई, अनोळखी फोन घेत जावा."

आता माझं वय झालंय. उजवा बंद शाबूत आहे, डावा मुक्ताबाईनं दोनदा टाचला, तरी निसटतो. राजनंदिनीची शेवटची परीक्षा झाली की ती जाईल. कुणीतरी चेन असलेली नायलॉनची बॅग आणायचं म्हणतंय. आणा. पण मला टाकू नका. सांडलेला चहा पुसायला ठेवलंत तरी चालेल, कारण ह्या खोलीत लोक काय सांगतात ते मला अजून ऐकायचंय. आणि जी नवी मुलं ह्या टेबलाशी बसतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. समोरचा उठायला लागला की लगेच पुढच्याला हाक मारू नका. दोन घटका थांबा.

परवाच्या शनिवारी दारात पाच बायका उभ्या होत्या. सगळ्यात पुढं लंकाबाई. मागच्या चौघी तिच्याच टोळीतल्या, प्रत्येकीचं एकेक लेकरू कुठल्या ना कुठल्या फडात जन्मलेलं, कुठंच न लिहिलेलं. टेबलाशी स्नेहल होती, चौथ्या वर्षाची, तिचा तो पहिलाच दिवस. तिनं कोरा अर्ज पुढं ओढला आणि पहिल्या बाईला विचारलं, "मुलाची जन्मतारीख?"

बाईनं मान खाली घातली. दुसरीनं तिसरीकडे बघितलं.

लंकाबाई पुढं झाली. तिनं स्नेहलच्या हातातलं पेन अलगद बाजूला केलं. "तारीख नको इचारू पोरी," ती म्हणाली. "त्या दिशी काय झाल्तं, ते इचार."